सरपंच मॅडम, मध्ये या!

ग्रुप फोटो काढायला काय अक्कल लागते, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बातमीत एखादं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापता येतं. ग्रुप फोटोत माणूस राहिला तर कायमचा राहिला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. या काळात लिहिलेल्या बातम्यांपेक्षा काढलेले ग्रुप फोटोच जास्त भरतील. टाकीचं भूमिपूजन, रस्त्याचं उद्घाटन, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकणं, टेनिस बॉल क्रिकेटची बक्षिसं, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर, सप्ताहाचा काला. सगळीकडे शेवटी एकच वाक्य ऐकू येतं, "पत्रकार, एक ग्रुप फोटो होऊन जाऊ द्या."

आज त्यावरच लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी जरा लांबून सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आपल्याकडच्या एका कंपनीने डीलर लोकांसाठी पुण्यात गोल्फचा दिवस ठेवला होता. तिथल्या ओळखीच्या एका मॅनेजरने मला फोटोसाठी नेलं. (बातमीदारीवर घर चालत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवत नाही.) गोल्फ आणि आपला काय संबंध? आपल्याकडचा माणूस एवढं हिरवं रान बघितलं की पहिलं विचारतो, इथं ऊस का नाही लावला? पण मोकळ्या मैदानावर ग्रुप फोटो कसा काढावा, हे त्या एका दिवसात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं आमच्या डिप्लोमाच्या वर्षात कुणी शिकवलं नव्हतं.

तिथे शॉटगन स्टार्ट नावाचा प्रकार असतो. म्हणजे सगळे गट एकाच वेळी खेळायला सुरुवात करतात, पण वेगवेगळ्या होलवरून. एकदा पांगले की चार-पाच तास सगळे एका जागी सापडत नाहीत आणि परत येतात तेव्हा घामेजलेले, भुकेले असतात. म्हणून ग्रुप फोटो आधीच उरकायचा. हा नियम मी तेव्हापासून गावात लावला. भाषणं सुरू व्हायच्या आधी फोटो. नंतर पाहुण्यांची गाडी चालू असते आणि निम्मा गाव जेवणाच्या मांडवात गेलेला असतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळचं तिरपं ऊन फोटोला चांगलं, पण ते समोरून डोळ्यांत गेलं की सगळे डोळे बारीक करतात आणि पन्नास माणसं रागावल्यासारखी दिसतात. ऊन थोडं बाजूने घ्यायचं, नाहीतर सरळ सगळ्यांची पाठ उन्हाकडे करायची आणि उजेडाचं माप चेहऱ्यावरून घ्यायचं. मोबाइलवाल्यांनी स्क्रीनवर एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, चेहरे उजळतात. झाडाची सावली मिळाली तर उत्तम, पण ती सलग हवी. लिंबाखाली पानांतून कवडसे पडतात, एकाच्या नाकावर ऊन, दुसऱ्याच्या अर्ध्या गालावर. त्यापेक्षा उघडं रान परवडलं. गोल्फवाल्यांचा आणखी एक त्रास म्हणजे कॅप. कॅपचा पुढे आलेला भाग नाकापर्यंत सावली पाडतो आणि डोळे गायब होतात. एका मिनिटासाठी कॅप काढा म्हटलं की केस चपटे झालेले असतात, म्हणून कुणी काढत नाही. मग हनुवटी जरा वर करायला सांगायची. या बाबतीत आपली गांधी टोपी हुशार आहे, पुढे काहीच नाही. आमच्या म्हाताऱ्यांचे चेहरे भर बाराच्या उन्हातही बरे येतात.

तिसरं म्हणजे गवताचा मोह. एवढी हिरवळ आहे, दिसू द्या की, म्हणून फोटोवाला मागे मागे जातो. मग फोटोत निम्मं आभाळ, निम्मं गवत आणि मध्ये माणसं म्हणजे हुरड्याचे दाणे. हिरवळ दाखवायची तर मागे एखादा झेंडा दिसला तरी पुरतो. फ्रेम माणसांनी भरली पाहिजे. तिथे माती चढवून केलेले उंचवटे असतात, त्यावर ओळी केल्या की मागच्यांना आपोआप उंची मिळते. आपल्या शाळेच्या मैदानाला उंचवटा नसतो, पण वऱ्हांड्याच्या पायऱ्या असतात, ट्रॅक्टरची ट्रॉली असते. नाहीतर माणसं खाली ठेवून आपण स्वतः खुर्चीवर चढायचं. होलभोवतीचं एकदम बारीक कापलेलं गवत, ज्याला ते ग्रीन म्हणतात, तिथे मात्र माणसं उभी करायची नाहीत. तिथला माळी धावत येतो. त्याचं बरोबरच आहे, आपण वाफ्यात पाय देऊ देतो का?

डोळे मिटण्याचं काय करायचं, हे तर शास्त्रज्ञांनी काढून ठेवलंय. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी हिशोब केला की ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे मिळायला किती फोटो काढावे लागतील. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. अठरा माणसं असतील तर उन्हात सहा फोटो, संध्याकाळी नऊ. 2006 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मी हे वापरतो, लागू पडतं.

इथपर्यंत कॅमेऱ्याचं झालं. खरी गोष्ट त्या गोल्फच्या मैदानावर वेगळीच दिसली.

प्रत्येक खेळणाऱ्याबरोबर बॅग उचलणारा एक माणूस असतो, कॅडी. कुणी विशी-पंचविशीचं पोरगं, कुणी पन्नाशीचा गडी. कोणती काठी कधी द्यायची, चेंडू कुठल्या झुडपात गेला, हे खेळणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी "चला, ग्रुप फोटो" म्हणालो आणि ही सगळी माणसं बॅगा घेऊन शांतपणे वीस पावलं बाजूला गेली. कुणी त्यांना "सरका" म्हणालं नव्हतं. कुणी ढकललं नव्हतं. फ्रेम कुठवर आहे आणि आपण तिच्या बाहेर आहोत, हे त्यांना आधीच माहीत होतं.

ते बघताना मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. म्हणजे निवडून आलेल्या बायका.

कायदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांना आल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांत जवळपास निम्म्या गावांच्या सरपंच आज बाई असणार. बरं, सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. म्हणजे थेट निवडून आलेल्या बाईंना अख्ख्या गावाने नावावर मत दिलेलं असतं. आता आपापल्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे गेल्या वर्षभरातले कार्यक्रमाचे फोटो काढून बघा. मध्ये कोण आहे? कुदळ कुणाच्या हातात आहे? बाई सापडतील, नाही असं नाही. डाव्या किंवा उजव्या टोकाला, अंगणवाडी सेविकांच्या शेजारी, हातात ओवाळणीचं ताट.

आणि इथेच कॅमेऱ्याचं गणित राजकारणात घुसतं. मोबाइलवर सगळे मावावेत म्हणून पोरं 0.5 करतात. त्या रुंद लेन्सने टोकाची माणसं ताणली जातात, चेहरा पसरट दिसतो. मग तो फोटो आमच्या कार्यालयात येतो. पेपरचा एक कॉलम साधारण चार सेंटीमीटरचा. तीन कॉलमात वीस माणसं बसवायची तर एकाच्या वाट्याला सहा मिलिमीटर येतात. चेहरा ओळखू येत नाही, म्हणून पान लावणारा काय करतो? दोन्ही टोकं कापतो. त्याचा काही राग नसतो, त्याला सरपंच कोण हेही माहीत नसतं. तो जागा वाचवतो. पण जी बाई टोकाला उभी होती ती गेली, आणि खाली ओळ छापली जाते, "सरपंच यांच्या उपस्थितीत". उपस्थिती होती, दिसली नाही एवढंच.

1885 चा काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचा ग्रुप फोटो शाळेच्या पुस्तकात बघितला असेल. ते अधिवेशन खरं तर आपल्या पुण्यात व्हायचं होतं, कॉलऱ्याच्या साथीमुळे मुंबईला गेलं. 72 प्रतिनिधी, दाढ्या, पगड्या, कोट. बाई एकही नाही. पुढे 1889 च्या मुंबईच्या अधिवेशनात स्त्री प्रतिनिधी आल्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. पण सगळ्यांच्या डोक्यात बसलेला फोटो 85 चा. त्या काळी बायका प्रतिनिधीच नव्हत्या, म्हणून फोटोत नव्हत्या, हे समजू शकतो. आज निम्म्या आहेत आणि तरी फोटोतून कापल्या जातात, याला काय म्हणायचं?

मागच्या वर्षीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, बाईंना तिथेच राहायचंय. पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, शाळेच्या मैदानावर, सकाळी नऊची वेळ. तालुक्याचे एक पुढारी पाहुणे. कुदळीला लाल फीत, नारळ, हळद-कुंकू. सरपंचांचे यजमान पांढऱ्या कपड्यांत मधोमध, आणि सगळे त्यांनाच "सरपंच, सरपंच" म्हणत होते. खऱ्या सरपंच टोकाला, शाळेच्या पोरींच्या मागे.

मी ओळी केल्या. अठरा माणसं होती. मग म्हणालो, "सरपंच मॅडम, मध्ये या."

तीन-चार सेकंद कुणीच काही बोललं नाही. मॅडमनी मान खाली घातली. यजमान हसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ पत्रकार, तिला सवय न्हाय."

मी म्हणालो, "भाऊ, उद्या पेपरात 'सरपंचांच्या हस्ते' असं छापायचंय. फोटोत सरपंच नकोत का?"

मागून एक आबा बोलले, "बरूबर हाय की! शिक्का तिच्याच नावावर मारलाय आपण."

लोक हसले आणि हसण्यात मामला सुटला. मॅडम मध्ये आल्या. पाहुणे अर्धं पाऊल सरकले. मी यजमानांना त्यांच्या मागच्या ओळीत, दोन डोक्यांच्या फटीत उभं केलं. तिथे चेहरा पूर्ण दिसतो, तक्रार करायला जागा राहत नाही. सहा फोटो काढले. पाचव्यात सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि मॅडमचा हात कुदळीवर होता.

तो फोटो छापून आला. दोन्ही टोकं कापूनच आला, पण या वेळी कापलं गेलं ते कुणी दुसरंच.

दुपारी त्या पुढाऱ्यांच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. "काय राव, साहेब मधून बाजूला गेलेत फोटोत. तुम्हाला कळायला नको?" मी म्हणालो, कार्यक्रम ग्रामपंचायतीचा होता. तो म्हणाला, "बघू मग पंधरा ऑगस्टला." पंधरा ऑगस्ट म्हणजे शुभेच्छांची जाहिरात. आमच्यासारख्या तालुक्याच्या बातमीदाराचं वर्षाचं गणित अशा चार-पाच दिवसांच्या कमिशनवर असतं. दर वर्षी येणारी ती पाव पानाची जाहिरात त्या वर्षी आली नाही. बायकोने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता परत त्या बाईंना कडेला उभं करणार का?" विषय संपला.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. फोटोत मध्ये कोण उभं राहतं याची बाजारात किंमत आहे, हे कळावं म्हणून सांगतोय. किंमत नसती तर फोन कशाला आला असता?

महिन्याभराने पंचायत समितीत मॅडम भेटल्या. मला वाटलं काहीतरी छान बोलतील. त्या म्हणाल्या, "दादा, पुढच्या येळेला आधी सांगत जावा. पदर नीट करायला तरी येळ द्या की. पेपरात कसं आलंय ते!" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी फोटोच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांना देतो. पदर, टोपी, फेटा, शर्टाचं बटण, काय ते नीट करून घ्या.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, फोटोत मध्ये उभं राहून काय होतं? सह्या तर नवराच करायला लावतो. मान्य. 2023 मध्ये हा "सरपंचपती" प्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने समिती नेमली, तो काही एका फोटोने मिटणारा विषय नाही. उलट काही यजमान आता हुशार झालेत. फोटोपुरतं बाईंना मध्ये घेतात, फोटो झाला की माइक परत यांच्याच हातात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिचा फोटो फाइलला लागतो. काही गावांत त्या फोटोसाठी बचत गटाच्या बायकांना पाच मिनिटं बोलवतात, सतरंजीवर बसवतात, फोटो झाला की "जावा आता". म्हणजे चांगला फोटो हा खोटा पुरावाही होऊ शकतो. जिओ-टॅगमध्ये जागा आणि वेळ कळते, त्या जागी कोण बोललं ते कळत नाही.

तरी मला वाटतं की सुरुवात जिथून होते तिथून होऊ द्यावी. त्या गावात पुढे दोन कार्यक्रम झाले, मी दोन्हींना नव्हतो. फोटो आले. एकात मॅडम परत कडेला. दुसऱ्यात मध्ये, आणि कुदळ नाही, कात्री हातात.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, तिथून काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, मग बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. रिंगणाच्या मैदानावर दर वर्षी एखादी तरी दिंडी म्हणते, माउली, आमचा एक ग्रुप फोटो घ्या. तिथे मला कुणाला हलवावं लागत नाही. विणेकऱ्याची जागा ठरलेली, पखवाजवाल्याची ठरलेली, टाळकरी आपापले ओळीत आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलीला कुणी "बाजूला व्हा" म्हणत नाही. कोण कितीचा शेतकरी, कुणाच्या घरी काय, हे त्या ओळीत विचारात नसतं. आषाढातलं ढगाळ आभाळ असतं, सावल्या पडत नाहीत, चेहरे एकसारखे उजळलेले येतात. माझे सगळ्यात चांगले ग्रुप फोटो तिथलेच आहेत आणि त्यात माझं कौतुक फार नाही.

आता कामाचं. पंधरा ऑगस्ट जवळ आलाय. झेंडावंदन, ग्रामसभा, सत्कार, सगळ्यांचे फोटो मला येणार. कृपा करून मोबाइल आडवा धरा. 0.5 वर काढू नका, चार पावलं मागे जा आणि 1 वर काढा. झेंड्याच्या खांबाला माणसं चिकटवू नका, खांब एखाद्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. सरपंच बाई असतील तर त्यांना मधोमध घ्या, आणि उपसरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक शेजारी. शिपाई आणि पाणी सोडणारा कर्मचारी दोघांनाही बोलवा, ते स्वतःहून येणार नाहीत. खाली नावं डावीकडून उजवीकडे लिहून पाठवा. नुसतं "सरपंच सौ." लिहून पुढे यजमानांचं नाव आणि त्यांचाच मोबाइल नंबर देऊ नका, मागच्या वेळी तीन गावांकडून तसंच आलं होतं आणि बाईंचं नाव शोधायला मला ग्रामसेवकांना फोन करावे लागले. बाईंचं स्वतःचं नाव लिहा, कागदावर आहे तसं.

रात्री आठच्या आत पाठवा. आठनंतर पान सुटतं.